वाळवंट बघावं गुडघ्यांवर बसून

जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर सम नावाचं गाव आहे. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पाचच्या सुमारास गावाबाहेरच्या वाळूवर अक्षरशः जत्रा भरते. रंगीत झुली घातलेले उंट, उघड्या जीपगाड्या, चार चाकांच्या फटफट्या, मक्याची कणसं, फुगे आणि डोक्याला तात्पुरता फेटा गुंडाळून सेल्फी घेणारे बाबालोक. सूर्य बुडाला की तंबूंच्या कॅम्पांत गाणी लागतात ती थेट बारापर्यंत. पुण्या-मुंबईहून आलेल्या बहुतेक कुटुंबांचं वाळवंट एवढ्यातच आटोपतं. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला, दुपारी हवेल्या, रात्री गाडी. मुलांना विचारावं तर उंट हलत होता, नूडल्स गार होत्या आणि आईचा मोबाइल वाळूत पडला, एवढंच त्यांच्या लक्षात असतं.

हीच वाळू जिथे सुरू होते तिथे भारतातलं एक मोठं संरक्षित क्षेत्रही सुरू होतं. ‘डेझर्ट नॅशनल पार्क’ हे त्याचं नाव. क्षेत्रफळ ३,१६२ चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. घोषणा १९८० ची. नावात नॅशनल पार्क असलं तरी कायद्याच्या भाषेत ते अभयारण्यच आहे. त्यामुळे आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे वस्त्या आहेत, शेळ्या-मेंढ्यांचे कळप आहेत. मुलांना आधीच एक गोष्ट सांगून ठेवलेली बरी, नाहीतर हिरमोड ठरलेला: सिनेमात दिसतात तसे वाळूचे डोंगर या उद्यानाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात आहेत. बाकी सगळं माळरान, मुरमाड जमीन, खुरटी झुडपं आणि सेवण नावाचं गवत. कान्हा किंवा ताडोबा पाहून आलेल्या माणसाला पहिल्या तासाभरात वाटतं, इथे काहीच नाही.

मोठ्या माणसाला तसं वाटतं, कारण तो जीपच्या सीटवरून क्षितिजाकडे बघत असतो आणि वाळवंटातली निम्मी घडामोड जमिनीपासून हातभर उंचीच्या आत चाललेली असते. बिळं, ठसे, बिया, किडे, शेपट्या ओढल्याच्या रेघा. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे बापाच्या डोळ्यांपेक्षा जमिनीच्या बरेच जवळ असतात आणि कपडे मळण्याची त्याला फिकीर नसते. या दोन गुणांमुळे इथे पोरं आईबापांना सहज मागे टाकतात. फक्त त्यांना संध्याकाळी पाचला न आणता सकाळी साडेसहाला आणायला हवं.

डिसेंबरात सकाळी साडेसहाला वाळूवर जाणं म्हणजे स्वेटर, कानटोपी आणि पोरांची कुरकुर हे आलंच. रात्री पारा पाच-सात अंशांपर्यंत खाली येतो. पण रात्रभर वाऱ्यानं घासूनपुसून काढलेल्या वाळूवर त्या वेळी जे लिहिलेलं असतं ते नऊ वाजेपर्यंत पुसलं जातं. बारीक ठिपक्यांच्या दोन समांतर ओळी म्हणजे काळा भुंगेरा गेला. मधोमध एक सलग रेघ आणि दोन्ही बाजूंना चिमुकली पावलं म्हणजे सरडा, रेघ शेपटीची. पावलांचे चार-चार ठसे एकत्र आणि मग मोकळी जागा, पुन्हा चार ठसे, म्हणजे उड्या मारत गेलेला उंदीर. एका सरळ रेषेत, मोजून ठेवल्यासारखी पावलं पडलेली असतील तर खोकड. इथे खोकडांच्या दोन जाती आहेत. वाळवंटी खोकडाच्या शेपटीचं टोक पांढरं आणि आपल्या माळरानावरही दिसणाऱ्या साध्या खोकडाचं काळं. प्राणी पळताना शेवटी दिसते ती शेपूटच, त्यामुळे ओळख पटवायला एवढी खूण पुरते. एकमेकांना समांतर, इंग्रजी ‘जे’सारख्या तिरक्या रेघा दिसल्या तर ते फुरसं. ते वाळूत आडवं सरकत जातं. थंडीत साप फारसे हिंडत नाहीत, तरी ‘बिळात हात घालायचा नाही आणि बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत’ हे दोन नियम वयानुसार शिथिल होत नाहीत.

मुलांना यात लावावं कसं? सोपं आहे. प्रत्येकाला एक माग नेमून द्यावा आणि तो सुरू कुठे झाला, संपला कुठे हे शोधून आणायला सांगावं. भुंगेऱ्याचा माग एखाद्या झुडपाच्या मुळाशी संपतो. उंदराचा कधी कधी मध्येच, उघड्या वाळूवर संपतो आणि आजूबाजूला पंखांची पुसट खूण असते. असा माग सापडलेलं मूल दिवसभर घुबडाबद्दल बोलत राहतं.

ऊन जरा वर आलं की खुद्द उंदीरच भेटायला येतात. वाळवंटी जर्बिल हा दिवसाउजेडी वावरणारा प्राणी आहे. मऊ जमिनीत एकमेकांना जोडलेल्या बिळांची त्यांची वसाहत असते. मागच्या दोन पायांवर उभं राहायचं, इकडेतिकडे बघायचं, दाणा दोन्ही हातांत धरून कुरतडायचा आणि घारीची सावली पडली की क्षणात गुडुप व्हायचं, हा त्यांचा दिनक्रम. वसाहतीपासून वीसेक पावलांवर चटई टाकून पंधरा मिनिटं गप्प बसायचं, एवढंच करायचं. वाघासाठी तीन तास जीपमध्ये ताटकळणाऱ्या कुटुंबांनी ही पंधरा मिनिटं काढायला हरकत नाही. फेब्रुवारीअखेरीस गेलात तर त्याच जमिनीवर सांडाही दिसतो. हा काटेरी शेपटीचा सरडा चक्क शाकाहारी आहे आणि बिळात शिरल्यावर आतून मातीचा बूच लावून दार बंद करतो. ऐन थंडीत तो झोपलेला असतो. सांड्याच्या तेलाविषयीच्या खुळचट समजुतींपायी तो हजारोंनी मारला गेला, हे जरा मोठ्या मुलांना सांगायला हवं.

आता माळढोक. या उद्यानाची ओळखच या पक्ष्यावर आहे. इथले लोक त्याला गोडावण म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. मीटरभर उंच, नराचं वजन दहा किलोच्या पुढे जाणारं, तरीही उडणारा. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, पण महाराष्ट्रातून तो आता जवळपास गेल्यातच जमा आहे. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले असावेत आणि त्यांतले बहुतेक याच परिसरात. मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. तेव्हा ‘माळढोक दाखवतोच’ असं कुणी म्हणालं तर मुलांना तसं वचन देऊ नये. समजवळच्या सुदासरीला कुंपण घातलेला राखीव भाग आहे. तिथे वन खात्याची परवानगी काढून, आखून दिलेल्या वाटेनं जाता येतं. दिसला तर नशीब.

न दिसलेला पक्षीही मुलांना समजू शकतो, तो एका खेळातून. दोन्ही हात पुढे करून तळहात नाकासमोर भिंतीसारखे उभे धरायचे आणि तसंच चालायचं. बाजूचं सगळं दिसतं, समोरचं काही नाही. माळढोकाची नजर थोडीफार अशीच असते. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं चहूकडचा धोका त्याला कळतो, पण उडताना नाकासमोरची विजेची तार दिसत नाही, आणि दिसते तेव्हा एवढं जड शरीर वळवायला वेळ उरलेला नसतो. थरमध्ये पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प वाढले तशा ताराही वाढल्या. त्या जमिनीखालून न्याव्यात म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०२१ मध्ये आदेश झाला आणि २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. स्वच्छ वीज हवी आणि पक्षीही हवा, हा पेच दहावीतल्या मुलाशी गाडीत चर्चा करण्याजोगा आहे. लहानांनी त्याच वेळी खिडकीतून तारांवरच्या चकत्या मोजाव्यात. काही तारांवर फिरत्या, चमकणाऱ्या चकत्या लावल्या आहेत, पक्ष्यांना तार लांबून दिसावी म्हणून. कुठल्या तारेला आहेत, कुठल्या बोडक्या आहेत, याची वहीत नोंद करता येते. जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं, ही बातमी मात्र त्यांना शेवटी सांगावी. पोरांना गोष्टीचा शेवट बरा लागतो.

मराठी घरातल्या मुलांना इथे एक जास्तीचा खेळ खेळता येतो, जो दुसऱ्या कुणाला सहज सुचायचा नाही. गणपतीच्या एकवीस पत्रींपैकी किती सापडतात ते शोधायचं. राजस्थानात जिकडेतिकडे दिसणारी खेजडी म्हणजे आपली शमी. पांडवांनी शस्त्रं लपवली ती. मारुतीला वाहतो ती रुई इथे आक म्हणून वाळूत ऐसपैस वाढते. बोरीची चुलत बहीण झाडबोर गुडघाभर उंचीची असते आणि काटे मात्र तेवढेच. तीन तर झाल्या. पुढची कोण शोधतं बघू, असं म्हणून मोठ्यांनी चहाला बसावं. खेजडीच्या शेंगा म्हणजे सांगरी आणि काटेरी, बिनपानांच्या झुडपाची फळं म्हणजे केर. या दोन्हींची भाजी रात्री ताटात येते तेव्हा ‘हे आपण सकाळी पाहिलं’ असं म्हणून एरवी दुधी न खाणारी मुलंही ती चाखतात. निदान एक घास. जोधपूरमार्गे जाणार असाल तर खेजडलीची गोष्ट वाटेतच सांगून टाकावी. १७३० मध्ये राजाची माणसं ही झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागून बिश्नोई समाजातली मिळून ३६३ माणसं झाडांना मिठी मारून उभी राहिली आणि मारली गेली. लहानग्यांसाठी गोष्ट जरा सौम्य करावी लागेल.

पायमोज्यांचा प्रयोगही करून बघण्याजोगा आहे. बुटांवरून जुने लोकरी मोजे चढवायचे आणि गवतातून शंभर पावलं चालायचं. मग उन्हात बसून मोज्याला काय काय चिकटलं ते चिमट्यानं काढून कागदावर मांडायचं. सगळ्यात चिवट निघतं ते भुरट, काटेरी बोंडातलं गवताचं बी. सुटता सुटत नाही, बोटाला टोचतं आणि घरी आल्यावर स्वेटरमध्येही सापडतं. दुष्काळात इथली माणसं याच बियांचं पीठ करून खात असत. बी फिरायला कुणाचे पाय वापरतं हा पाठ चौथीच्या पुस्तकात असतो, पण तिथे तो टोचत नाही.

जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्यावर सतराएक किलोमीटरवर आकल आहे. ऊन चढल्यावर वाळूत करण्यासारखं फार उरत नाही, तेव्हा इथे यावं. एकवीस हेक्टरांच्या उघड्या, खडकाळ टेकाडावर झाडांचे बुंधे पडले आहेत आणि ते सगळे दगडाचे आहेत. वय अंदाजे अठरा कोटी वर्षं. लोखंडी जाळीचे पिंजरे आणि वर पत्रा असा या बुंध्यांचा थाट असल्यामुळे पहिल्या नजरेला ते प्राणिसंग्रहालय वाटतं, आणि मुलं आत प्राणी शोधू लागतात. जाळीला नाक लावलं की साल दिसते, लाकडाच्या रेषा दिसतात, फांदी तुटल्याची गाठ दिसते. हात लावावा तर थंडगार दगड. लाकूड गाळाखाली गाडलं गेलं, पाण्यातून आलेल्या खनिजांनी कणाकणानं त्याची जागा घेतली आणि आकार तसाच राहिला. म्हणजे आज जिथे सावलीसाठी पत्रा ठोकावा लागतो तिथे तेव्हा दमट हवेतलं घनदाट जंगल होतं, आणि पुढे समुद्रही येऊन गेला. डायनोसॉरवेड्या वयातल्या मुलांसाठी तर जैसलमेर म्हणजे तीर्थक्षेत्रच. इथल्याच खडकांत सापडलेल्या एका लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनोसॉरला शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये ‘थारोसॉरस’ नाव दिलं. वय सुमारे सोळा कोटी सत्तर लाख वर्षं. घरच्या खेळण्यांत हा नसतो, त्यामुळे चित्र काढून रंग भरायला मोकळीक आहे. आकलमधून खडा उचलून खिशात टाकायचा नाही, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

पाण्याची गोष्ट मुंबईच्या मुलांना आकड्यांतून पटकन कळते. जैसलमेरला वर्षभरात जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे जैसलमेरचा चार-पाच वर्षांचा. मग इथली माणसं गहू कसा पिकवतात? उत्तर खडीनमध्ये आहे. खडकाळ उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालायचा, उतारावरून आलेलं पाणी तिथे अडवायचं, ते मुरलं की त्या ओलीवर रब्बी काढायचं. पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत शतकांपूर्वी इथे बसवली. कुलधरा हे त्यांचं ओस पडलेलं गाव पर्यटक भुताखेतांच्या कहाण्यांसाठी बघतात. गावामागची शेती कशी होती, हे विचारलं तर वाटाड्याही क्षणभर गोंधळतो. अनुपम मिश्रांच्या ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात या साऱ्या जलशहाणपणाचं तपशीलवार वर्णन आहे. निघण्यापूर्वी आईबापांपैकी एकानं ते चाळलं तरी प्रवासात गोष्टींचा तुटवडा पडत नाही.

रात्र मात्र समला काढू नये. कॅम्पांच्या झगझगाटात आणि ढोलकमिश्रित डीजेत आकाश हरवतं. खुडी गावाकडची वस्ती तुलनेनं शांत असते. डिसेंबरात आठच्या सुमारास पूर्वेकडे मृग नक्षत्र वर आलेलं असतं. पोटातला बाण, म्हणजे तिकांडं, पोरांना लगेच सापडतं. त्या बाणाच्या रेषेत वर रोहिणी, कृत्तिका, आणि खाली थोड्या वेळानं उगवणारा व्याध. याहून गमतीचा प्रयोग ध्रुवाचा. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत ध्रुवापर्यंत जायचं. मुंबईत जेमतेम दोन मुठी भरतात, जैसलमेरात पावणेतीन. आपण उत्तरेला किती सरकलो हे नकाशाशिवाय, हातानं मोजता येतं. मूल लहान म्हणून उत्तर चुकत नाही, कारण मूठ लहान तसा हातही आखूड. जाता जाता वाळूत कोपरापर्यंत हात खुपसायला सांगावं. वरची वाळू गारठलेली आणि खाली दिवसाची ऊब अजून शिल्लक. उंदरं आणि भुंगेरे ऊन-थंडीत बिळात का शिरतात, ते मग निराळं समजवावं लागत नाही.

शेकोटीभोवती मांगणियार कलाकार गायला बसतात. त्यांच्या हातातली खडताल म्हणजे शिसवी लाकडाच्या चार पट्ट्या, एकेका हातात दोन. ना तार, ना कातडं. मुलांना पट्ट्या हातात घेऊ द्या म्हटलं तर कलाकार बहुधा नाही म्हणत नाहीत. एक पट्टी अंगठ्याच्या बेचक्यात, दुसरी बोटांवर सैल. मुलांच्या हातात पहिल्या दहा मिनिटांत नुसता खडखडाट होतो आणि शेजारी तोच माणूस त्याच लाकडातून घोड्याच्या टापा काढतो. बक्षिसी आधी विचारून, मोकळ्या हातानं द्यावी. घासाघीस करायला बाजार पडलेला आहे.

उंटावर बसायचं असेल तर जरूर बसावं, पण अर्धा तास पुष्कळ झाला. तो उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार पुढे तोंडावर आपटायच्या बेतात असतो. लहान मुलाला पुढे न बसवता मोठ्या माणसाच्या कुशीत घट्ट धरावं. उतरल्यावर त्याच्या पापण्यांच्या दोन रांगा, मिटणाऱ्या नाकपुड्या आणि गुडघ्यांवरचे घट्टे निवांत दाखवावेत. मदारीत पाणी नसून चरबी असते, यावर कुटुंबात एक तरी पैज लागते. वाळूवर जीप उधळण्याचा कार्यक्रम मात्र टाळलेला उत्तम. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या परिसरात तो शोभत नाही, आणि पाठीच्या मणक्यांनाही मानवत नाही.

अमेरिकेत वाळवंटी उद्यानांत मुलांसाठी ‘ज्युनिअर रेंजर’ नावाची चांगली सोय आहे. जोशुआ ट्री असो की डेथ व्हॅली, गेल्या गेल्या पुस्तिका मिळते. त्यातली चित्रं, कोडी, निरीक्षणं पुरी केली की रेंजर तपासतो, शपथ देतो आणि बिल्ला लावतो. न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सॅंड्समध्ये जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र वाळूवरून प्लॅस्टिकच्या तबकड्यांवर बसून घसरायला अधिकृत परवानगी आहे. आपल्याकडे फलक आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांवर काय करू नये तेवढंच लिहिलेलं असतं. ही पुस्तिका घरीच करायची. शंभर पानी वहीत माग, बिया, शेपट्या, पत्री, चकत्या, मुठी अशी सहा पानं आखली की झालं. बिल्ला पुठ्ठ्याचा चालतो. शपथ आजीनं दिली तर ती अधिक काटेकोरपणे पाळली जाते.

राहता राहिलं सामान आणि वेळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा. दिवाळीच्या सुट्टीत दुपारी ऊन अजून तापतं, नाताळात रात्री कडाका असतो. थरावर थर असे कपडे, बंद बूट, कडेची टोपी, ओठांना तूप किंवा व्हॅसलिन, माणशी तीन लिटर पाणी आणि एक भिंग. उद्यानाच्या आतल्या भागाची परवानगी जैसलमेरमधल्या वन खात्याच्या कार्यालयातून आदल्या दिवशीच काढून ठेवावी. सीमेकडच्या पट्ट्यात वेगळे नियम आहेत, तिकडे वाटाड्या सांगेल तेवढंच जावं. अकरा ते तीन या वेळेत मुलांना उन्हात हिंडवू नये, झोपवावं. झोपत नसतील तर वही पुरी करायला बसवावं.

परतीला रेल्वेऐवजी रस्त्यानं जोधपूर गाठणार असाल तर वाटेत फलोदीजवळ खिचनला सकाळी पोहोचाल असं बघावं. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत इथे कांड्या करकोचे उतरतात, मध्य आशियाकडून, हजारोंच्या संख्येनं. त्यांना इथे कुरजां म्हणतात. गावकरी त्यांच्यासाठी कुंपण घातलेल्या चुग्गाघरात रोज दाणे टाकतात आणि आसपासच्या घरांच्या गच्च्यांवरून ते बघता येतं. जून २०२५ मध्ये खिचनला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, वाळवंटात पाणथळ हे ऐकून मुलं हसतात. आधी पाच-पंचवीस येऊन घिरट्या घालतात, मग थव्यामागून थवे उतरायला लागतात आणि एवढा गलका होतो की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. मोजायचं तर दहा-दहाचे गट करायचे, असं वहीच्या सातव्या पानावर आधीच लिहून ठेवावं. चारशेच्या पुढे भावंडांत भांडण सुरू होतं.